मेंबरजींचा सेकंड

सन १९३४. मी एकतीस वर्षांचा होतो. बाप आदल्या साली गेला, तेव्हापासून घरचे दोन माग माझ्याकडे आले होते आणि समाजाच्या पंचांत बसायची त्याची जागाही. शिक्षण मराठी दुसरी, तीही अर्धी. पण रेशीमकाठी उपरणं माझ्यासारखं विणणारे नागपुरात तेव्हा दोन-चारच होते आणि त्यांतला एक मी होतो. हे मी तेव्हा कोणालाही तोंडावर सांगत असे. आज हात कापतात, तरी सांगतो.

त्या साली होळी झाल्यावर आमची पुढची खोली विचारायला एक माणूस आला. वय साठीच्या अलीकडलं. पांढऱ्या मिशा, पायात बूट, खांद्यावर पत्र्याची पेटी. उन्हानं गल्लीतली कुत्री नालीत बसलेली, आणि याच्या अंगात काळा लोकरी कोट. मी मागाच्या खड्ड्यात बसूनच विचारलं, "कुठचे जी?"

"खाप्याचा," तो म्हणाला. मग लगेच सुधारून, "म्हंजे बाप खाप्याचा. मी समुद्राच्या पलीकडचा."

एवढं बोलून तो माझ्या मागापाशी खाली बसला आणि एकेका लाकडाला हात लावू लागला. "ही फणी. हा धोटा. हे तूर. खाली पावड्या." एकही नाव चुकलं नाही. मी विचारलं, कोणत्या मागावर बसत होते? तर म्हणाला, माग आज पहिल्यांदा पाहून राहिलो. त्याचा बाप उसाच्या फडात कोयता चालवताना ही नावं एकापाठोपाठ एक घेत असे, म्हणून पोराला पाठ झाली होती. मी त्याला खोली दिली.

आता क्रिकेटमुळे वेस्ट इंडीज सगळ्यांना ठाऊक झालं आहे. तेव्हा आमच्या मोहल्ल्यात ते नावही कोणी ऐकलं नव्हतं. त्या बेटांपैकी एका बेटावर हा माणूस जन्मला. बाप नागपूरजवळच्या खाप्याचा विणकर. तरणा असताना मजूर भरती करणाऱ्या एका दलालानं त्याला साखर चाळायचं हलकं काम आहे म्हणून सांगितलं आणि कलकत्त्याला नेलं. तिथं अंगठा घेतला, जहाजात घातलं, आणि तीन महिन्यांनी साखरेच्या मळ्यावर उतरवलं. तो परत आला नाही. मुलगा मळ्यावरच वाढला, पादऱ्यांच्या शाळेत इंग्रजी शिकला, कोर्टात दुभाषी झाला. मजूर काय बोलतो ते साहेबाला सांगायचं आणि साहेब काय बोलतो ते मजुराला. वीस वर्षं त्यानं ते केलं. मग मळ्यावरच्याच लोकांनी त्याला मतं देऊन बेटाच्या कौन्सिलात पाठवलं. तिथं तो एक मुदत बसला. पुढच्या निवडणुकीत पडला, आणि पडल्यावर जहाजात बसून बापाचा गाव पाहायला आला.

हे कळल्यापासून सारा मोहल्ला त्यांना मेंबरजी म्हणू लागला. मीही.

मेंबरजींचा कोट खोलीत खुंटीवर असायचा. बसून असले की अंगात नुसती बंडी. पण कोणाकडे काही मागायचं, काही सांगायचं, कशाला हरकत घ्यायची, असं काही आलं की ते उठत, कोट घालत, गुंडी लावत आणि मगच तोंड उघडत. माझ्या बायकोकडे प्यायला पाणी मागायचं असलं तरी. वैशाखात एकदा ती म्हणाली, "अवो मेंबरजी, थो कोट राहू द्या नं. पानी तसंच देतो मी."

ते म्हणाले, "बाई, बसून मांगलं का लोकं भिकारी समजते. मी उभं राहून मांगतो."

खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. शेजारच्या सोमाजीनं मोठ्या मानानं त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, तर हे खाली चटईवर. सोमाजीला राग आला. मेंबरजी म्हणाले, "एक खुर्ची होती गा माह्याजवळ. लोकायनं उठवलं. आता जमिनीवरून कोन उठवते मले?"

त्यांची मराठी त्यांच्या बापाची होती. साठ वर्षांपूर्वी खाप्यातून निघाली तशीच्या तशी, मधून मधून हिंदी आणि इंग्रजीचे तुकडे चिकटलेली. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ती ऐकताना गंमत वाटे. एक म्हातारी तर रोज काही ना काही काढून त्यांच्याशी बोलायला येई. म्हणे, माह्या बापासारखा बोलते हा.

एकदा नगरपालिकेची सभा पाहायला मला घेऊन गेले. आम्ही पाहुण्यांच्या बाकाच्या मागे उभे. सभा सुरू झाली, एक सभासद बोलायला लागला, तोच दुसरा मधेच बोलायला लागला, मग तिसरा. मेंबरजींची चुळबुळ सुरू झाली. मी कोटाची बाही धरली, पण त्यांनी गुंडी लावलीच आणि मागून मोठ्यानं इंग्रजीत काही तरी बजावलं. सगळी सभा वळून पाहू लागली. चपराशानं आम्हाला दोघांनाही दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर उन्हात उभे राहून ते मला शांतपणे सांगू लागले, की एक उभा असताना दुसऱ्यानं उठू नये, ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, "मेंबरजी, आपल्याले हाकलून देल्लं." ते म्हणाले, "ते वेगळं. पन चूक त्यायची होती."

काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. तीत ते रोज काही लिहीत, इंग्रजीत नाही, नागरीत. बेटावर रामायण सांगणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्यांना लहानपणी ती अक्षरं शिकवली होती. बापाकडून आलेली भाषा त्याच अक्षरांत लिहायची, असा त्यांचा हट्ट.

आता सेकंडचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एके दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी कोट घालून उभे राहिले आणि हसत म्हणाले, "बाई, माहं एक मोशन हाय. आज वांग्याचं भरीत व्हावं."

"मोशन म्हंजे काय जी?"

"आपलं म्हननं सभेपुढं ठेवनं. पन एकट्यानं ठेवून चालत नाई. दुसऱ्या कोनी तरी उठून म्हनाव लागते का मी याच्या पाठीशी हाय. त्याले सेकंड म्हनते. सेकंड नाई भेटला तर मोशन पडते. त्याच्यावर कोनी बोलतही नाई. सारे गप्प बसते, अन् ते पडते."

बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग माहा शेकंड हाय. होऊ द्या भरीत."

मेंबरजी हसायचे थांबले. तसेच वळून खोलीत निघून गेले. बायको घाबरली, मला म्हणाली, "काय वाईट बोलली का जी मी?" मी खोलीत गेलो, तर ते वहीत लिहीत बसले होते. कोट अजून अंगात.

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. बेटावर आमच्या रीतीनं, बांबूच्या मांडवाखाली, भटजीनं लावलेलं लग्न सरकार मानत नसे. कागदावर नवराही नाही, बायकोही नाही. पोरांच्या नावापुढे बापाच्या जागी रेघ. मेंबरजींच्या स्वतःच्या दाखल्यावर रेघ होती. बाप गोविंदा, खाप्याचा. आई वीरम्मा, मद्रासकडची, कलकत्त्याच्या डेपोत त्याला भेटली आणि जहाजात त्याच्याच शेजारी बसून गेली. मळ्यावर त्यांनी मांडव घातला, सात फेरे घेतले, पुढे तीस वर्षं संसार केला. सरकारच्या हिशेबी ते एकमेकांचे कोणी नव्हते.

मेंबरजी कौन्सिलात गेले ते एवढ्यासाठी. ही लग्नं मानावी, असं मोशन त्यांनी तीनदा मांडलं. भिंतीला पंखा, टेबलाला हिरवं कापड, समोर गव्हर्नर. हे उभे राहून बोलले, खाली बसले. अध्यक्षानं विचारलं, सेकंड कोणाचा आहे? कोणी उठलं नाही. सारे आपापल्या कागदाकडे पाहत राहिले. तीनदा.

"कोनी विरोध केला असता तर मी लढलो असतो," ते म्हणाले. "विरोधही नाई केला गा कोनी."

वहीत तिन्ही वेळचं लिहिलेलं होतं. मी अक्षरं जुळवून वाचलं. मांडला. सेकंड नाही. पडला. आणि त्या दिवशीचं, भरताचं: मांडला. सेकंड बाईचा. पास.

तेव्हापासून आमच्या घरात हा खेळच झाला. बायकोला त्याची गोडी लागली. मेंबरजी उभे राहिले की ती चुलीपासून ओरडे, "शेकंड!" काय मागताहेत ते ऐकायच्या आधीच. ते तिला म्हणत, आधी मोशन ऐकाव बाई. ती म्हणे, तुमी काय वाईट थोडीच मांगता.

मेंबरजी जायचे होते तेव्हा गेले. बेटावर परत उभे राहिले, परत पडले, आणि तीन वर्षांनी वारले. पुढे बऱ्याच वर्षांनी ती लग्नं तिथं मानली जाऊ लागली, म्हणे. ते पाहायला मेंबरजी नव्हते. मी त्यांना आयुष्यात एकच पत्र पाठवलं, दोन ओळींचं, शाळामास्तराकडून पत्ता लिहून घेऊन. ते त्यांनी उठून, कोट घालून, उभ्यानं वाचलं असं त्यांच्या लेकीनं मागाहून कळवलं. त्यात काय होतं ते सांगायला मला कोणाची भीती नाही. पण त्याच्या आधी अकरा दिवसांचं सांगावं लागेल, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

खाप्याला मेंबरजी आल्या आल्याच जाऊन आले होते. बापाच्या भावाचा नातू सापडला. त्यानं चहा दिला, पण ओसरीवर, वेगळ्या कपात. म्हणाला, काका, माही ना नाई, पन नागपूरच्या पंचायनं पंगतीत घेतलं तर आमी घेऊ. म्हणून सगळं येऊन थांबलं आमच्या पंचांवर. मेंबरजींना काय पाहिजे होतं ते त्यांनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. आमच्यात सर्वपित्री अमावास्येला समाजाची पंगत होई. माग बंद असत. पंगत बसायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या गेलेल्या मायबापांची नावं मोठ्यानं घ्यायची आणि त्यांच्या नावानं एकेक पान बाजूला मांडायचं. मेंबरजींना तिथं बसून दोन नावं घ्यायची होती आणि दोन पानं मांडायची होती. बस्स. त्यासाठी ते समुद्र ओलांडून आले होते.

परक्याला पंचांपुढे आणायचं तर त्याचा जामीन लागतो. जामीन मी झालो. जामिनाचं काम असतं त्याला आमची रीत समजावून सांगायची: कुठं बसायचं, कोणाला हात जोडायचे, कधी उठायचं. मी म्हटलं, सांगू सावकाश, दिवस आहेत.

तेवढ्यात भाद्रपदात रस्त्याचं प्रकरण निघालं. आम्ही विणकर सकाळी गल्लीत उभ्या सुताचा ताणा लांबवून पाजण करत असू, म्हणजे सुताला खळ लावून ब्रश फिरवायचा. त्याला लांब मोकळी जागा लागते, ती रस्त्यातच. नगरपालिकेचं म्हणणं, मोटारींना रस्ता मोकळा पाहिजे. मोहल्ल्यानं मारुतीच्या देवळात सभा भरवली आणि मेंबरजींना अध्यक्ष केलं. ते तिथंही जमिनीवरच बसले, पण कोट घालून.

मी बोलायला उठलो. मेंबरजींनीच मला सहा महिने शिकवलं होतं: उभं कसं राहावं, हात कुठं ठेवावा. मी म्हटलं, आज दाखवतो. पण बोलता बोलता मी माझ्या आज्यावर गेलो. आज्यानं भोसल्यांच्या वाड्यासाठी पागोटी विणली होती, ते किती बारीक सूत होतं, सरदारानं काय म्हटलं, असं चाललं. लोक ऐकत होते. मेंबरजींनी जमिनीवर दोनदा हात आपटला.

"विषय रस्त्याचा हाय. आज्याचा नाई. बसा."

मी म्हटलं, "मेंबरजी, माहं बोलनं अजून..."

"बसा म्हनलं न. नियम सर्वायले सारखा. बसा खाली."

लोक हसले. सोमाजी सर्वांत मोठ्यानं हसला. मी बसलो. त्या सभेत मेंबरजींनी अर्ज लिहून दिला आणि त्याच अर्जावर पुढं सकाळी आठ वाजेपर्यंत रस्ता आमचा झाला, हे मी कबूल करतो. पण माझ्या आज्याचं नाव निघालं असताना मला चारचौघांत खाली बसवलं गेलं. माझ्या घरात राहणाऱ्या माणसानं बसवलं.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते सकाळी "काय गा, कसं हाय?" म्हणत, मी धोटा मारत राही. दोन-तीन दिवसांनी ते कोट घालून माझ्या मागापाशी आले, म्हणाले, "माहं काही चुकलं असन तर सांग. पन नियम नाई चुकला." मी मान वर केली नाही. बायको म्हणाली, "अवो, बोला नं. अमावास्या आली. त्यायले रीत सांगाव लागन." मी म्हटलं, सांगू. असे अकरा दिवस गेले आणि बारावा सर्वपित्रीचा उजाडला. रीत मी सांगितलीच नाही.

दुपारी पंच बसले, महाजनांच्या अंगणात, निंबाखाली. महाजन म्हणजे समाजाचे मुख्य, ऐंशीच्या घरातले, समोर सुपारी आणि अडकित्ता. आम्ही पंचवीस-तीस जण गोल. मेंबरजी माझ्या डाव्या हाताला. जामिनाशेजारीच बसावं लागतं. पलीकडे बाया पत्रावळी पुसत होत्या, भाताचा वास येत होता.

महाजनांनी विचारलं, "काय म्हननं हाय तुमचं?"

मेंबरजी उठले. गुंडी लावली. आमच्यात पंचांपुढे उभं राहून कोणी बोलत नाही, बसूनच बोलायचं. पण त्याबद्दल कोणी काही म्हटलं नाही. त्यांनी बापाचं सांगितलं, जहाजाचं सांगितलं.

सोमाजी म्हणाला, "बापाचं समजलं. मायचं काय? वीरम्मा म्हंजे कोन जात?"

"मले माहीत नाई," मेंबरजी म्हणाले. "तिनं सांगतलं नाई, बापानं विचारलं नाई. जहाजात तीन महिने एका भांड्यात जेवले. मी अर्धं आयुष्य तुमच्यासारख्या गरिबाचं म्हननं साहेबाले समजावून सांगत होतो. पन माह्या मायबापाचं लगन झालं होतं, एवढं मले कोनाले समजावता नाई आलं. तीनदा मांडलं. हे चौथ्यानं. इथं नाई झालं तर पाचवी जागा मले ठाऊक नाई."

आणि ते खाली बसले. सोमाजीनं मान खाली घातली.

आमची रीत अशी. महाजन तीनदा विचारतात, कोणाले काही म्हनायचं हाय का? ज्याला हरकत असेल त्यानं बोलावं. कोणी बोललं नाही तर सगळे राजी. महाजन मग जरा थांबतात, देवाचं नाव घेतात, सुपारी कातरतात आणि वाटतात. कातरली की झालं, मग ब्रह्मदेवही फिरवू शकत नाही. पण कातरायच्या आधी ज्याचं काम आहे तोच उठून गेला, तर त्यानं पंचांना झिडकारलं असं होतं, आणि वर्षभर तो विषय निघत नाही.

"कोनाले काही म्हनायचं हाय?" महाजनांनी विचारलं. कोणी बोललं नाही.

दुसऱ्यांदा विचारलं. सोमाजी आपल्या गुडघ्याकडे पाहत होता. बोलला नाही.

तिसऱ्यांदा विचारलं. निंबाची पानं तेवढी हलत होती. सारे गप्प. माझ्या आयुष्यात पंचांचा इतका एकमतानं दिलेला होकार मी पाहिला नव्हता.

मी डावीकडे पाहिलं. मेंबरजी गोलातल्या एकेका तोंडाकडे पाहत होते. कोणी तरी उठेल म्हणून. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्या अंगणात मला एकट्याला कळत होतं. बेटावरची रीत मला ठाऊक होती, आमची तर होतीच. दोन्ही जाणणारा दुसरा माणूस तिथं नव्हता. मी "बसा" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

ते उठले. कोट खाली ओढून नीट केला. महाजनांकडे पाहून इंग्रजीत "थँक्यू, मिस्टर प्रेसिडेंट" म्हणाले आणि चालू लागले. कोटाची कड माझ्या गुडघ्याला घासून गेली. हात लांब करायचीही गरज नव्हती, नुसती मूठ मिटली असती तर ती कड माझ्या मुठीत आली असती. मी मूठ मिटली नाही. मला वाटलं, आता कळू दे यांना, सगळ्यांदेखत नियमानं खाली पडणं काय असतं ते.

महाजनांचा अडकित्ता तसाच उघडा राहिला. "हा काहून गेला?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मले काय माहीत." पंचांपुढे मी तेवढं एकच खोटं बोललो आहे. त्यांनी सुपारी परत डब्यात टाकली. पंगत बसली, नावं घेतली गेली. मी माझ्या बापाचं नाव घेतलं आणि पान मांडलं. माझ्या डावीकडे जागा रिकामी होती.

घरी आलो तोवर दिवस कलला होता. पुढची खोली उघडी, खुंटी मोकळी. मेंबरजी कलकत्त्याच्या गाडीनं गेले होते. बायको उंबऱ्यात बसून होती. तिनं सगळं विचारून घेतलं, आणि मग हळू म्हणाली, "तुमाले माहीत होतं. अन् तुमी बसून राहिले?"

"मी काहून उठू?" मी म्हटलं. "त्यानंच मले बस म्हनलं होतं."

ती उठली. काळी वही माझ्या पुढ्यात ठेवून आत गेली. मेंबरजींनी ती तिच्याकडे दिली होती, म्हणाले होते, आता लिहायचं काही उरलं नाही बाई. मी शेवटचं पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. मांडला. सेकंड नाही. पडला. खाली या वेळी एक नावही होतं, माझं. जामीन म्हणून. जामिनाबद्दल वाईट एक अक्षर नव्हतं. लिहिलं होतं, जामीन हजर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसायचे होते. मोहल्ल्यातले सारे माग सुरू झाले, माझा नाही. मी आंघोळ केली, खांद्यावर मी स्वतः विणलेलं उपरणं घेतलं आणि कालच्या उरलेल्यांतल्या दोन पत्रावळी घेऊन निघालो. महाजनांकडे पोचलो, तर ते नुकतीच पूजा करून निंबाखाली बसलेले, समोर तोच डबा.

"काय गा? पितर तं काल गेले," ते पत्रावळींकडे पाहून म्हणाले. "अन् थो विषय आता वर्षभर निंगत नाई."

मी बसलो नाही. उभाच राहिलो. कोट नव्हता, म्हणून उपरणं दोन्ही खांद्यांवर नीट केलं. कालचं सगळं सांगितलं. गप्प बसणं म्हणजे नकार, एवढी तिकडचीच रीत त्यांना ठाऊक होती, मला दोन्ही ठाऊक होत्या, आणि मी तोंड उघडलं नाही, आणि तुम्हाला खोटं सांगितलं. मग म्हटलं, "महाजन, माहं एक मोशन हाय. गोविंदा अन् वीरम्मा, या दोन नावायनं दोन पानं आपल्या समाजात मांडावी. आज, आत्ता, इथं."

 मोशन काय असतं ते महाजनांना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात माझ्या मागून, फाटकाजवळून आवाज आला. बायको माझ्या मागोमाग आलेली मला कळलंच नव्हतं. पंचांच्या कामात बाईनं बोलायचं नसतं. ती डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"माहा शेकंड हाय," ती म्हणाली.

 आम्ही दोघं उभे होतो. महाजनांनी डबा पुढे ओढला, सुपारी काढली आणि अडकित्ता उघडला. मेंबरजींना धाडलेल्या पत्रात मी एवढंच लिहिलं: गोविंदा, वीरम्मा, दोन पानं; मांडला, सेकंड बाईचा, पास.